आकाशात आणखी कोणी आहे का?



‘दुसऱ्या ग्रहावर माणसासारखे कोणी असेल, तर प्रभू येशू त्यांच्यासाठीही मरण पावला का?’ हा प्रश्न आता धर्मशिक्षणाच्या वर्गात येऊ लागला आहे. आमच्या लहानपणी कोणी तो विचारला असता, तर ‘आधी दहा आज्ञा पाठ कर’ असे उत्तर मिळाले असते. पण असा प्रश्न दाबला म्हणजे संपत नाही. शिक्षणासाठी नाशिक-पुण्याला गेलेली आपली मुले तो बरोबर घेऊन जातात आणि तिथे त्यांना सांगणारे भेटतात, की परग्रहावर कोणी सापडले की बायबल खोटे ठरलेच समजा. काही आईवडिलांनाही मनातून तीच धास्ती वाटते. म्हणून हा विषय आज जरा सविस्तर पाहू.

प्रथम अफवा बाजूला काढू. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून आकाशात जळते गोळे एका रांगेत जाताना दिसले. कोणी उल्का म्हणाले, कोणी उडत्या तबकड्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तर धातूचे मोठे कडे येऊन पडले. तो चिनी अग्निबाणाचा परत येणारा भाग असावा, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. रात्रीच्या लाइटीला पिकाला पाणी भरणाऱ्या आपल्या शेतकरी बांधवांना कधीकधी दिव्यांची माळ सरकताना दिसते, तेही एकामागोमाग सोडलेले कृत्रिम उपग्रह असतात. मोबाइलवर फिरणाऱ्या परग्रहवासीयांच्या चित्रफितींवर विश्वास ठेवू नये, इतके सांगून आम्ही हा भाग संपवतो.

खरा शोध वेगळा आहे, आणि तो संयमाने चालतो. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ साली मिशेल मायोर व दिदिए क्वेलोझ यांनी शोधला. त्यासाठी त्यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा खात्रीलायक ग्रहांची संख्या सप्टेंबर २०२५ मध्ये ६,००० च्या पुढे गेली. त्यांपैकी एकावरही जीव असल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. अंतरे किती आहेत तेही ध्यानात घ्यावे. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. पहिलीतल्या मुलाने तिकडे रेडिओवरून प्रश्न पाठवला आणि तिकडून लगेच उत्तर निघाले, तरी ते येईपर्यंत तो नववीत गेलेला असेल.

आपल्या महाराष्ट्राचा या शोधाशी जवळचा संबंध आहे. नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगावहून आत वळले की खोडद गावाजवळ मोठ्या तबकड्या दिसतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, एकूण ३०. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरी टिपते. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे एक यान मंगळावर उतरत असताना त्याचा बारीकसा संकेत सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून याच खोडदने ऐकला. पुढे ते यान कोसळले, पण ऐकण्याचे काम आपल्या जुन्नर तालुक्यातून झाले, हे मुलांना जरूर सांगावे.

आणि डॉ. जयंत नारळीकर. कोल्हापूरला १९३८ साली जन्मलेले हे शास्त्रज्ञ २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४ व्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. परग्रहावरील जीवांचा विषय त्यांनी मराठी कथा-कादंबरीत आणला. त्यांच्या एका कादंबरीचे नाव ‘प्रेषित’ आहे. आपल्याला प्रेषित म्हटले की पेत्र आणि पौल आठवतात! पण ते कल्पना करून थांबले नाहीत. पृथ्वीबाहेरून सूक्ष्मजीव येतात का, हे तपासण्यासाठी त्यांनी व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने घेतले. पुढच्या उड्डाणात तीन नव्या जातींचे जिवाणू सापडल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. मात्र ते पृथ्वीबाहेरूनच आले, असे ठामपणे म्हणता येत नाही, हेही इस्रोने त्याच वेळी सांगितले. ज्याला जितके कळले तितकेच सांगायचे, ही शिस्त धर्माविषयी बोलणाऱ्यांनीही घेण्यासारखी आहे.

आता श्रद्धेकडे वळू. जिवाणू सापडले तर धर्मशास्त्राला काहीच अडचण नाही. शेवाळे पृथ्वीवर असो की मंगळावर, निर्माता एकच. प्रश्न उभा राहतो तो बुद्धी आणि इच्छास्वातंत्र्य असलेल्या प्राण्याचा, जो विचार करतो, प्रेम करतो, चांगले-वाईट निवडतो.

‘पण बायबलमध्ये त्यांचा उल्लेख कुठे आहे?’ असे काही भाविक विचारतात. उल्लेख नाही, हे खरे. बायबलमध्ये कांदा आहे (गणना ११:५), डाळिंब आहे (निर्गम २८:३३), म्हणजे आपल्या देवळा तालुक्याची बरीच सोय झाली. पण मका नाही. तो अमेरिकेतून आला आणि अमेरिका खंडाचाही बायबलमध्ये पत्ता नाही. म्हणून मका देवाने केला नाही, असे आपण म्हणतो का? पवित्र शास्त्र ही सृष्टीतील वस्तूंची यादी नव्हे. देव आणि आपण यांचे नाते काय, ते कसे बिघडले आणि कसे जोडले गेले, हे सांगण्यासाठी ते लिहिले गेले.

शिवाय, माणसाखेरीज बुद्धिमान प्राणी असतात, हे ख्रिस्तसभा पहिल्यापासून मानत आली आहे. देवदूत कोण आहेत? ते मानव नाहीत, आदामाचे वंशज नाहीत, तरी ते देवाला ओळखतात. संत थॉमस अक्वायनस तर म्हणतात, की देवदूतांची संख्या सर्व भौतिक वस्तूंहून कितीतरी अधिक आहे. आपल्या शेजारच्या हिंदू बांधवांच्या बोलण्यात ‘अनंत कोटी ब्रह्मांडे’ हे शब्द सहज येतात. तेव्हा आकाश रिकामे नसावे, ही कल्पना या मातीला परकी नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक गोष्ट आम्हाला विशेष वाटली होती. ॲरिस्टॉटलच्या मते जग एकच असू शकते, दुसरे शक्यच नाही. तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात काहीजण हे असे शिकवू लागले, की जणू देवालाही दुसरे जग करता येणार नाही. १२७७ साली पॅरिसचे महागुरुस्वामी एतियेन तांपिये यांनी २१९ मतांना मनाई केली, त्यांत हे मतही होते. म्हणजे दोष ‘अनेक जगे असू शकतील’ म्हणणाऱ्याला दिला गेला नाही. ‘देव ती करू शकत नाही’ म्हणणाऱ्याला दिला गेला! पुढे कूसाच्या निकोलस यांनी १४४० साली लिहिलेल्या ग्रंथात इतर ताऱ्यांवर रहिवासी असावेत असा विचार मांडला, आणि काही वर्षांनी ते कार्डिनल झाले.

याच इतिहासात जिओर्दानो ब्रूनोही आहे, आणि त्याला वगळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. अनंत जगे आहेत असे म्हणणाऱ्या या माणसाला १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोममध्ये जिवंत जाळले. त्याच्यावरचे आरोप पवित्र त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व अशा अनेक विषयांचे होते, जगांविषयीचे मत हा त्यातला एक भाग. पण आरोप कोणतेही असोत, विचारासाठी माणूस जाळणे हे पापच. २००० साली ख्रिस्तसभेच्या वतीने त्याबद्दल खेद व्यक्त झाला. चारशे वर्षे लागली.

आता वर्गातला मूळ प्रश्न: ख्रिस्त त्यांच्यासाठीही मरण पावला का? पंधराव्या शतकातील फ्रान्सिस्कन धर्मपंडित गिओम द व्होरियों यांनी हाच प्रश्न घेतला होता. त्यांचे उत्तर असे, की दुसऱ्या जगातील लोक आदामाचे वंशज नसल्याने ते आदामाच्या पापात नसतील; आणि ख्रिस्ताचे या पृथ्वीवरील एक मरण कितीही जगांच्या तारणासाठी पुरेसे आहे, त्याला पुन्हा मरण्याची गरज नाही. संत थॉमस वेगळ्या संदर्भात म्हणतात, की देवपुत्राने एक मानवी स्वभाव धारण केला म्हणून त्याचे सामर्थ्य तेथे संपले असे नाही. दुसरा धारण करणेही त्याला अशक्य नाही. व्हॅटिकन वेधशाळेचे तेव्हाचे संचालक फादर होसे फुनेस यांनी मे २००८ मध्ये व्हॅटिकनच्या वृत्तपत्रात हरवलेल्या मेंढराचा दाखला दिला. कदाचित हरवलेले एक मेंढरू आपणच असू, आणि उरलेली नव्व्याण्णव कधी भटकलीच नसतील.

या मतांपैकी आम्हाला पहिले अधिक पटते. कलस्सैकरांस पत्राचा पहिला अध्याय (१५ ते २०) पाहा. पृथ्वीवरचे असो वा स्वर्गातले, सर्व काही ख्रिस्ताच्या द्वारे निर्माण झाले आणि त्याच्या क्रुसाच्या रक्ताने समेट झाला तोही सर्वांचा, असे पौल शिकवतो. बेथलेहेम हेही तेव्हा आडबाजूचे गाव होते, तरी तिथे घडले ते देवळ्यापर्यंत पोहोचले. मग ते आणखी दूर पोहोचणार नाही, असे आपण कशावरून म्हणावे? पण पाप न केलेल्या प्राण्यांशी देव कसा वागेल, हे आम्ही येथे बसून ठरवू शकत नाही, आणि ठरवूही नये.

‘मग आपले महत्त्व काय राहिले?’ ही खरी भीती आहे. घरात दुसरे बाळ जन्मले म्हणून पहिल्याचे मोल निम्मे होते का, हे कोणत्याही आईला विचारा. देवाने एकट्याला केले म्हणून आपण मौल्यवान नाही. त्याने नावाने ओळखले म्हणून आहोत. आठव्या स्तोत्राचा कर्ता चंद्रतारे पाहून नेमका असाच गांगरला होता आणि तरीही त्याने स्तुतीच केली.

यात आणखी एक बाजू आहे, आणि आम्हाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. अनोळखी प्राणी भेटला तर तो ‘आपल्यातला’ मानायचा की नाही, हा प्रश्न माणसापुढे प्रथमच येणार नाही. युरोपीय लोक अमेरिकेत उतरले तेव्हा तेथील रहिवाशांना पशूसारखे राबवणारे होते. १५३७ साली पोप तिसरे पॉल यांना जाहीर करावे लागले, की हे खरोखर मानव आहेत, त्यांना गुलाम करता येणार नाही, त्यांची मालमत्ता हिरावता येणार नाही. हे सांगावे लागले! आणि फार दूर कशाला जायचे? आपल्या नाशकात काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, तो कोणा परग्रहवासीयांसाठी नव्हता. त्याच गावात राहणाऱ्या, तीच भाषा बोलणाऱ्या माणसांसाठी होता. आपल्यातल्या कित्येकांचे आजे-पणजे वेशीबाहेर राहिले, हे घरोघरी ठाऊक आहे. दक्षिणेतील काही चर्चमध्ये जातीप्रमाणे बसायच्या जागा आणि दफनभूमी वेगळ्या होत्या, हेही आपण विसरू नये. चार हातांवरच्या माणसाला परका ठरवणारे आपण, चार प्रकाशवर्षांवरच्याचे स्वागत कसे करणार?

व्हॅटिकन वेधशाळेचे बंधू गाय कॉन्सोलमॅग्नो यांना लोक विचारीत, परग्रहवासीयाला तुम्ही बाप्तिस्मा द्याल का? त्यांचे उत्तर होते, त्याने स्वतः मागितला तरच. आपल्या देशात या उत्तराचे महत्त्व वेगळे सांगायला नको. सप्टेंबर २०२५ पासून त्या वेधशाळेचे संचालक आहेत फादर रिचर्ड डिसोझा, येशूसंघाच्या गोवा प्रांताचे, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात भौतिकशास्त्र शिकलेले. दीर्घिका एकमेकींत कशा मिसळतात, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. विज्ञानाला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना देवाचे बोलावणे फक्त सेमिनरीतच येते असे वाटत असेल, तर त्यांना हे नाव सांगावे.

या आठवड्यात लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत स्तोत्र ८, ईयोब ३८ आणि लूक १५:१-७ वाचावे. चर्चेसाठी प्रश्न एकच: उरलेली नव्व्याण्णव मेंढरे कोण, असे आपल्याला वाटते? खोडद येथे दरवर्षी फेब्रुवारीअखेर राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास शाळकरी मुलांसाठी प्रदर्शन असते. युवकांना तेथे नेण्याचा विचार आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर नावे द्यावीत.