पाड्यावरची वही आणि अहवालातला आकडा



संस्थेच्या अहवालात शेवटी एखादा ठळक आकडा असतो : ‘७० टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण.’ हा आकडा अनेक पाड्यांवरच्या, अनेक कार्यकर्त्यांच्या वह्यांमधून वर आलेला असतो. तो जुळवताना चूक झाली, तर ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज आहे तीच मुले आपल्या नजरेआड होतात. म्हणून या पाठात तीन गोष्टी समजून घेऊ.

१. टक्क्यांची नव्हे, मुलांची बेरीज करावी

समजा, एका लहान पाड्यावर १० बालके आहेत आणि ९ जणांचे लसीकरण झाले. म्हणजे ९० टक्के. शेजारच्या मोठ्या गावात ९० पैकी ४५ जणांचे झाले. म्हणजे ५० टक्के. दोन्ही टक्क्यांची सरासरी काढली तर ७० येते. पण मुले मोजली तर १०० पैकी ५४ भरतात. अहवालानुसार ३० मुले राहिली, प्रत्यक्षात ४६. मधली १६ मुले केवळ हिशेबात हरवली. म्हणून प्रत्येक पाड्यावरून ‘किती पैकी किती’ असे दोन्ही आकडे वर पाठवावेत. टक्के अगदी शेवटी काढावेत.

२. सर्वांचे माप एकच असावे

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर ते अतितीव्र कुपोषित मानतात. एका गटाने ही पट्टी वापरली आणि दुसऱ्याने वयानुसार वजन पाहिले, तर त्या दोन संख्यांची बेरीज निरर्थक ठरते. एकाच पद्धतीने मोजण्याचे बळ महाराष्ट्राने पाहिले आहे. ‘कोवळी पानगळ’ या २००१ च्या अहवालासाठी १३ स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागातील बालमृत्यूंची नोंद केली. सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्ष मृत्यू कितीतरी जास्त आहेत, हे त्या एकत्रित मोजणीतून पुढे आले.

३. साखळीत गुणाकार होतो

एचआयव्हीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या यूएनएड्स या कार्यक्रमाने २०१४ मध्ये ‘९०-९०-९०’ हे उद्दिष्ट मांडले. २०२० पर्यंत ९० टक्के बाधितांना आपल्या संसर्गाची माहिती असावी, त्यांतील ९० टक्के उपचारावर असावेत आणि त्यांतील ९० टक्के लोकांच्या रक्तातील विषाणू आटोक्यात असावा. तिन्ही पायऱ्या गाठल्या तरी शेवटी १०० पैकी सुमारे ७३ जणच सुरक्षित होतात.

कुपोषणाचेही तसेच आहे. एक गट मूल शोधतो, दुसरा त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात पोहोचवतो, तिसरा घरी परतल्यावर पाठपुरावा करतो. तिघांनीही ‘आमचे काम ९० टक्के’ असे लिहिले, तरी २७ मुले वाटेत सुटतात आणि ती कोणाच्याच अहवालात एकत्र दिसत नाहीत. म्हणून गटांच्या आकड्यांखाली एक ओळ हवीच : सुरुवातीच्या मुलांपैकी शेवटी बरी किती झाली?

चर्चेसाठी प्रश्न

१. आपण वाचलेल्या अहवालातील टक्के ‘किती पैकी’ आहेत, हे दिले आहे का?
२. घरभेटींची संख्या वाढली, म्हणजे मुले बरी झाली असे म्हणता येईल का?
३. एकूण आकडा चांगला असताना सर्वांत मागे राहिलेला पाडा कोणता, हे अहवालातून कळते का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर ते संस्थेकडे जरूर मागावे. पुढची मदत कोठे जायला हवी, हे त्यावरूनच ठरते.