ऑटोरिक्षाची निष्कास-नळी

दोन धावांच्या एंजिनाची जुनी ऑटोरिक्षा चढणीला लागली म्हणजे तिच्या मागून निळसर धुराचा लोट निघे आणि तिचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाई. धूर आणि आवाज दोन्ही एकाच नळीतून बाहेर पडत असल्यामुळे दोहोंचा दोष त्या नळीच्या माथी मारला जाणे साहजिक होते. नळी रुंद केली, सायलेन्सरमधील पडदे काढून टाकले, की एंजिन मोकळे होऊन गाडी जोमाने धावेल, अशी समजूत चालकांत व कारागिरांत फार दिवसांपासून रूढ आहे. तिच्यात तथ्य किती, हे ठरवावयाचे तर प्रथम एंजिनात काय घडते ते पाहिले पाहिजे.

चार धावांच्या एंजिनात जळलेला वायू हाकलून देण्याकरिता दट्ट्याची एक संपूर्ण धाव राखून ठेवलेली असते. दोन धावांच्या एंजिनात तशी सोय नाही. तेथे सिलिंडरच्या भिंतीतच द्वारे ठेवलेली असतात. दट्ट्या खाली सरकताना प्रथम निष्कास-द्वार उघडते व जळलेला वायू वेगाने बाहेर पडू लागतो. लगेच दुसरी द्वारे उघडतात आणि दट्ट्याखालच्या बंद पेटीत दाबला गेलेला पेट्रोल व हवा यांचा ताजा भार वर येतो. जुन्या वायूला बाहेर घालविण्याचे काम या ताज्या भारालाच करावे लागते. आणि त्या वेळी निष्कास-द्वार उघडेच असते! पुढच्या दाराने पाहुणे येत असताना मागचे दार सताड उघडे ठेवावे, तसा हा प्रकार होय. काही पाहुणे न थांबता तसेच निघून जातात. कार्बोरेटर असलेल्या साध्या दोन-धावी एंजिनात ताज्या भाराचा सुमारे 15 ते 40 टक्के भाग असा न जळताच वाया जाऊ शकतो. चालकाने पैसे मोजून घेतलेले हे पेट्रोल आहे, आणि चहूबाजूंनी उघड्या असलेल्या गाडीत बसून तोच ते दिवसभर श्वासावाटे घेत असतो.

हे मागचे दार वेळेवर बंद करण्याचे काम काही अंशी निष्कास-नळी करू शकते. जळलेला वायू सुटताच नळीत दाबाचा एक तरंग निघतो. पुढे नळी एकदम रुंद झाली किंवा संपली, तर तो विरळतेच्या रूपाने परततो व वायूला बाहेर ओढतो. नळी अरुंद झाली, तर तो दाबाच्याच रूपाने परततो व वायूला आत ढकलतो. आता थोडे गणित करून पाहावे. मिनिटाला 4,500 फेरे घेणाऱ्या एंजिनाला एका फेऱ्यास सुमारे 13 सहस्रांश सेकंद लागतात, आणि निष्कास-द्वार त्यांपैकी जेमतेम 6 सहस्रांश सेकंद उघडे राहते. तापलेल्या निष्कास-वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 500 मीटर असतो. म्हणून द्वारापासून एक मीटर अंतरावरून परतणारा तरंग 4 सहस्रांश सेकंदांत, म्हणजे द्वार मिटण्याच्या थोडे आधी, येऊन पोहोचतो. तो दाबाचा असेल, तर निसटू पाहणारा ताजा भार पुन्हा आत लोटला जातो.

पूर्व जर्मनीतील एम. झेड. या मोटारसायकलींच्या कारखान्यात वाल्टर काडेन या अभियंत्याने 1950 नंतरच्या दशकात या तत्त्वाचा पाठपुरावा केला. प्रथम रुंदावणारी व पुढे निमुळती होणारी नळी जोडून त्याने 125 घन सेंटिमीटरच्या शर्यतीच्या एंजिनापासून 1961 पर्यंत 25 अश्वशक्ती मिळविली. (नळी हे त्याचे एक साधन होते, इतर सुधारणाही होत्याच.) त्याहून थोड्या मोठ्या आकाराच्या रिक्षाच्या एंजिनाची शक्ती सात-आठ अश्वशक्ती असे. परंतु अशी नळी ठरावीक वेगापुरतीच उपयोगी पडते. दर शंभर पावलांवर थांबणाऱ्या रिक्षाला ती मानवत नाही.

यावरून सायलेन्सर कापण्याचा परिणाम ध्यानात येईल. नळीची लांबी व पेटीचे आकारमान बदलले, की परतणाऱ्या तरंगाची वेळ चुकते. द्वार मिटताना दाबाऐवजी ओढ आली, तर अधिकच पेट्रोल बाहेर जाते. आवाज वाढल्यामुळे मात्र गाडी जोरात आहे असे वाटते! केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील 120 व्या नियमानुसार सायलेन्सर आवश्यकही आहे.

जुनी नळी काजळीने कोंदली असेल, तर ती साफ केल्याने खरोखरच लाभ होई. ही काजळी पुष्कळशी वंगण तेलाची. दोन-धावी एंजिनात हे तेल पेट्रोलबरोबरच जळते. भेसळीचे किंवा प्रमाणाबाहेर घातलेले तेल म्हणजे निळा धूर.

दिल्लीचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. सर्वोच्च न्यायालयाने 28 जुलै 1998 रोजी 1990 पूर्वीच्या रिक्षा व टॅक्सी यांच्या जागी स्वच्छ इंधनावर चालणारी वाहने आणण्याचा आदेश दिला. पुढे दिल्लीतील रिक्षा संपीडित नैसर्गिक वायूवर चालू लागल्या. परंतु त्यांपैकी अनेकींचे एंजिन दोन धावांचेच होते. इंधन बदलले, मागचे दार उघडेच राहिले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी दिल्लीच्या रिक्षांविषयी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की अशा एंजिनांत वायूचा सुमारे तिसरा हिस्सा न जळताच बाहेर पडतो. हा वायू मुख्यत्वे मिथेन असून तो वातावरणातील उष्णता धरून ठेवतो. वंगण तेलाच्या धुराचे कणही सुटत होतेच.

चार धावांच्या एंजिनाने हा प्रश्न मुळाशी सोडविला. तेथे दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या राहण्याचा अवधी अल्प असतो, आणि वंगण तेल इंधनात मिसळावे लागत नाही. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत टप्पा सहाच्या मर्यादांत बसणाऱ्या रिक्षांच्या निष्कास-मार्गात उत्प्रेरकाची पेटीही असते. तिच्यातील मौल्यवान धातूंच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साइड व उरलेले हायड्रोकार्बन यांचे ज्वलन पूर्ण होते. उत्प्रेरक पुरेसा तापल्याशिवाय काम करीत नाही, म्हणून ही पेटी बहुधा एंजिनाच्या शक्य तितकी जवळ बसवितात. नळी बदलताना कारागिराने ती काढून टाकली, तरी गाडी पूर्ववत धावते. फरक कळतो तो धूर-तपासणी केंद्रात.