मदत येण्याआधी नाव यादीत हवं

कोरोनाच्या काळात छोट्या व्यावसायिकांसाठी 'मदत' म्हणून जे जाहीर झालं, त्यातलं बहुतेक कर्ज होतं, हे आता तरी स्पष्ट बोललं पाहिजे. मे २०२० मध्ये ३ लाख कोटी रुपयांची कर्जहमी योजना आली, पण ती हमी बँकेला होती, दुकानदाराला नव्हे. २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्याच्या नावावर जेवढं कर्ज शिल्लक असेल, त्याच्या २० टक्के जादा कर्ज त्याला मिळणार होतं. म्हणजे आयुष्यभर पदरच्या पैशावर धंदा केला, कुणाचं देणं ठेवलं नाही, अशा माणसाच्या वाट्याला त्यातून काहीच आलं नाही. कर्जाचे हप्ते ऑगस्ट २०२० पर्यंत पुढे ढकलता आले, तरी व्याज चढतच राहिलं. पुष्कळांनी ती माफी समजली. स्वनिधी योजनेतून फेरीवाल्यांना मिळाले ते १० हजार रुपयेही वर्षभरात फेडायचे होते. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्के सवलत होती. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की योजनेच्या नावाकडे बघू नका, परतफेडीची अट शोधा.

परत न करायचे पैसे महाराष्ट्रात एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी जाहीर झाले: परवानाधारक रिक्षाचालक आणि नोंदणीकृत फेरीवाल्यांना प्रत्येकी १,५०० रुपये. रक्कम तुटपुंजीच. पण तीही कागद असणाऱ्यालाच. २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांचं सर्वेक्षण करून प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी पालिकांवर टाकली होती. अनेक शहरांत ते काम रखडलं, आणि त्याची किंमत रस्त्यावरच्या माणसाने मोजली. ब्रिटनमध्ये तर छोट्या दुकानांना १० हजार पौंडांचं खरं अनुदान मिळालं, तरी ते स्थानिक कराच्या यादीवरून वाटलं गेलं. सामायिक जागेत धंदा करणारे, ज्यांचं त्या यादीत नाव नव्हतं, ते आधी वगळले गेले आणि त्यांच्यासाठी नंतर वेगळा निधी काढावा लागला. संकटात नवी यादी करायला कुठल्याच सरकारला सवड नसते, जुनीच उघडली जाते. म्हणून दुसरं सांगणं असं, की आधीच नोंदणी करून ठेवा.

यावर म्हणतात, नोंदणी केली की कर मागे लागतो. ही भीती मी क्षुल्लक मानत नाही, पण कर उत्पन्नावर आणि उलाढालीवर ठरतो, 'उद्यम' या छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या प्रमाणपत्रावर नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यादी करणं सरकारचं काम, त्याचा भार गरिबावर का? आक्षेप रास्त आहे, म्हणूनच पालिकेकडे सर्वेक्षणाची मागणी संघटितपणे लावून धरली पाहिजे. तोवर आपला कागद आपणच करून ठेवावा. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर, स्वतःच्या घोषणेवर होते आणि तिला एक रुपयाही शुल्क नाही. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.