हार्ड डिस्क : हिशेबाची पेटी आणि तिच्या बिघाडाची लक्षणे

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, उधारीची वही पूर्वी गल्ल्याजवळ असे. आज अनेक दुकानांत ती कॉम्प्युटरमध्ये गेली आहे. उधारी, मालाची बिले, गिऱ्हाइकांची मापे, भरतकामाची डिझाईन्स हे सर्व एका डबीत साठते. तिचे नाव हार्ड डिस्क. ती बंद पडली तर आपले येणे बुडेल, ते आपले नुकसान. पण आपले देणे विसरले गेले, तर दुसऱ्याचा हक्क बुडतो. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. लिहिलेले जपणे हीदेखील आपलीच जबाबदारी आहे.

रचना

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या डिस्कमध्येही तबकड्याच असतात. त्या मिनिटाला बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. माहिती लिहिणारे-वाचणारे टोक तबकडीला न टेकता, केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावर तरंगते. म्हणून चालू कॉम्प्युटरला धक्का लागला की टोक तबकडीवर घासण्याची भीती असते.

नव्या एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो. ती वेगवान आहे, धक्काही सोसते. परंतु कधी कधी कसलाही आवाज न करता एकदम बंद पडते.

बिघाडाची लक्षणे

१) खट-खट किंवा घासल्यासारखा आवाज येणे.
२) साधी फाईल उघडण्यास फार वेळ लागणे, कॉम्प्युटर वारंवार अडकणे.
३) फाईल नाहीशी होणे किंवा उघडल्यास भलतीच अक्षरे दिसणे.
४) कॉम्प्युटर सुरू करताना डिस्क कधी सापडणे, कधी न सापडणे.
५) एसएसडीवरील जुने वाचता येणे, पण नवे लिहिता न येणे.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने ती पाहता येते. खराब जागांचा आकडा वाढत असेल तर डिस्क बदलावी. मात्र सर्व ठीक दिसले म्हणून निर्धास्त राहू नये. गूगलने २००७ साली १ लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बिघडलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक डिस्कनी या नोंदीतील मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती.

लक्षण दिसताच काय करावे?

डिस्क चालू असेल तर आधी खाते आणि बिले दुसरीकडे उतरवून घ्यावीत, मग बाकीचे. दुरुस्तीचा प्रोग्राम आधी चालवू नये, त्याने आजारी डिस्कवर ताण पडतो. खट-खट आवाज येत असेल तर वीज लगेच बंद करावी. डिस्क ठोकू नये, फ्रीजमध्ये ठेवू नये, स्क्रू काढून उघडू नये. धुळीचा एक कणही घातक ठरतो. माहिती परत काढण्याचे काम धूळरहित खोली असणाऱ्या जाणकारांकडेच द्यावे. हे काम महाग असते आणि यशाची खात्री नसते.

खरा उपाय

माहितीच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातील एक दुकानाबाहेर. आग, चोरी, पुराचे पाणी दुकानात आले तरी घरची प्रत वाचेल. नक्कल झाल्यावर ती डिस्क काढून ठेवावी, म्हणजे व्हायरस तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखादे बिल उघडून पाहावे. न उघडणारी नक्कल कामाची नाही. वीज अचानक जात असेल तर यूपीएस लावावा.

जीएसटी कायद्यानुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. जकातीचा हिशेबही याच नोंदींवरून निघतो. म्हणून दर जुम्याला, नमाजला निघण्यापूर्वी नक्कल काढण्याची सवय लावावी. काम थोड्या वेळाचे आहे, पण त्यावर अनेकांची अमानत अवलंबून आहे.