गावाची राखण कोणी करावी?

ह्या आठवड्याच्या अभ्यासासाठी आम्ही गावाच्या राखणीचा विषय घेतला आहे. मंडळीच्या पुढाऱ्यांनी व उपदेशकांनी तो सायंकाळच्या बैठकीत वाचून दाखवावा व शेवटच्या प्रश्नांवर सर्वांस बोलू द्यावे.

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे गाव कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. नाणेघाट चढून जाणारेही पुष्कळदा ह्याच बाजूने वाट धरतात. पावसाळ्यात घाटातील धबधबे पाहण्यास येणाऱ्यांची तर रीघ लागते. अशा गावास अनोळखी माणूस नवा नाही. चोर कोणता व वाटसरू कोणता, हे मात्र अंधारात चेहऱ्यावरून कळत नाही. गावाच्या राखणीतील खरी अडचण हीच आहे.

पूर्वी आपल्या प्रांती ही राखण वतनाने ठरलेली असे. वेशीवर वेसकर बसे, रात्री जागल्या फिरे. हे काम गावाने एकेका जातीच्या माथी मारले होते. गाव निजे व ते जागत, आणि चोरी झाली की पहिला संशयही पुष्कळदा त्यांच्यावरच येई. इ. स. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने मोडली. पुढे १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हा वंशपरंपरेचा मानकरी न राहता सरकारने नेमलेला सेवक झाला. गावातील खबर ठाण्यास पोहोचविणे हे त्याचे मुख्य काम होय. आता राखण कोणा एका जातीची नाही. ती सर्वांची आहे, म्हणूनच ती नीट शिकून घेतली पाहिजे.

ती न शिकल्याने काय होते, हे दोन दुःखद गोष्टींवरून दिसते. ता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच भटक्या माणसांस मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. ता. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा गाडीवान ह्यांची तशीच गत झाली. पालघर २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, म्हणजे ही गोष्ट आपल्या शेजारची आहे. त्या दिवसांत त्या भागात चोर फिरत असल्याच्या अफवेने लोक रात्री पहारा देत होते. पोलीस आले, पण ते थोडे व जमाव मोठा, आणि त्यांच्या देखत ती माणसे मारली गेली.

पहारा देणे हे पाप नव्हे. ऐकीव गोष्ट खरी मानणे, विचारपूस न करणे, आणि शंभर हातांत आपला एक हात दिसणार नाही असे समजणे, ह्यांत अपराध आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पोलिसांचे मुख प्रथमच अशा रात्री पाहिले, तर त्यांचे शब्द कोण ऐकेल? विश्वासाची पेरणी आधी झाली पाहिजे.

अशा पेरणीचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. भिवंडीत १९७० व १९८४ साली भयंकर दंगे झाले. पुढे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले श्री. सुरेश खोपडे ह्यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. त्यांत हिंदू व मुसलमान शेजारी पोलिसांसह एकत्र बसत व लहानसहान तंटे वेळीच बोलून मिटवीत. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. संकट येण्यापूर्वीच तेथील माणसे एकमेकांस नावाने ओळखू लागली होती.

आता आपण काय करावे?

१. आपले पोलीस पाटील व ठाण्यातील आपल्या भागाचे शिपाई ह्यांची ओळख आजच करून घ्यावी. वैशाखऱ्याच्या बाजूच्या लोकांस टोकावड्याचे ठाणे जवळ आहे.

२. मोबाइलवर आलेली भीतीची बातमी पुढे पाठवू नये. प्रथम पोलीस पाटलास विचारावे.

३. संशय येताच ११२ ह्या क्रमांकावर कळवावे. अनोळखी माणसास नाव व गाव सभ्यपणे विचारावे. हात उगारू नये.

४. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्यास सामान्य माणूसही धरू शकतो. परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे त्यास विनाविलंब, व फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे. धरण्याचा अधिकार आहे, मारण्याचा नाही.

५. घरातील किंवा गावकीतील गुन्हा अब्रूसाठी झाकू नये. लेकराबाळांवर अत्याचार झाल्याचे कळूनही गप्प राहणे हा कायद्याने गुन्हाच आहे. गुन्ह्याची फिर्याद नोंदविली की तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. ठाण्यात फिर्याद घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांस लेखी कळविता येते. गरिबाने ठाण्याची पायरी चढण्यास भिऊ नये. बरोबर दोन शेजारी न्यावे.

विचारासाठी प्रश्न : (अ) आपल्या पोलीस पाटलाशी आपण शेवटचे केव्हा बोललो? (आ) आज रात्री गावात आरडाओरड झाली, तर आपल्यापैकी पहिला फोन कोण करील? (इ) जमावाने एखाद्या परक्यास घेरले, तर मध्ये उभे राहून "थांबा, पोलीस येऊ द्या" असे म्हणण्यास आपल्यातील किती जण तयार आहेत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने निजण्यापूर्वी आपल्या मनाशी द्यावे.