शब्दाची जात : इंग्रजी व्याकरणातील ‘पार्ट्स ऑफ स्पीच’चा एक अभ्यास

‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा’ हा व्याकरणातील नित्याचा प्रश्न आहे. पुष्कळ मुले तो वाचून उत्तर लिहितात आणि पुढे जातात. परंतु ज्या घरांनी ‘जात कोणती?’ हा प्रश्न पाणवठ्यावर, भाड्याची खोली शोधताना आणि शाळेच्या दाखल्यावर पिढ्यान्‌पिढ्या ऐकला, त्या घरातले मूल या वाक्यापाशी क्षणभर थबकते. आपल्या वसतिगृहातील मुले हा प्रश्न निराळ्या शब्दांत मला वारंवार विचारीत आली आहेत : ‘सर, शब्दाची जात बदलते का?’ इंग्रजीपुरते याचे उत्तर ‘होय, वाक्यागणिक बदलू शकते’ असे आहे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचाच विस्तार होय.

प्रथम संज्ञेचा विचार करू. मराठीत आपण ज्याला ‘शब्दांच्या जाती’ म्हणतो, त्याला इंग्रजीत ‘पार्ट्स ऑफ स्पीच’ म्हणजे ‘बोलण्याचे भाग’ म्हणतात. ‘भाग’ हा शब्द अवयवासारखा आहे. हात धरतो, पाय चालतो, डोळा पाहतो, तसे वाक्याच्या देहात प्रत्येक शब्दाला काही काम असते. ‘जात’ या शब्दाने मात्र शब्दाला जन्मतःच चिकटलेली ओळख सूचित होते. एकाच गोष्टीची ही दोन नावे, पण त्यांनी शिकणाऱ्याची नजर दोन दिशांना वळते. मराठीच्या पाठात पाठ्यपुस्तकातील संज्ञा वापरणे प्राप्तच आहे. इंग्रजी शिकवताना मात्र मी ‘शब्दाचे काम’ असे म्हणतो.

हे भाग आठच का? मी इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे या आकड्याने मला प्रथम ओढून घेतले. प्राचीन ग्रीक वैयाकरण डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या व्याकरणात आठ भाग आहेत, परंतु ते आजचे आठ नव्हेत. त्यात विशेषण वेगळे नाही, ते नामातच मोडते. उद्गारवाचक शब्दांना स्वतंत्र स्थान नाही. लॅटिन भाषेत ‘द’, ‘अ’ यांसारखी उपपदे नव्हती, म्हणून रोमन वैयाकरणांनी तो भाग गाळला आणि उद्गारवाचक शब्दांना जागा दिली. पुढे लिंडली मरे याने १७९५ साली लिहिलेल्या आणि इंग्रजी शिकणाऱ्यांत दीर्घकाळ गाजलेल्या व्याकरणात हे भाग नऊ झाले, कारण उपपद पुन्हा स्वतंत्र मोजले गेले. आपल्याकडे यास्काच्या निरुक्तात चारच प्रकार आहेत : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. पाली व्याकरणाच्या परंपरेनेही हेच चार स्वीकारले. तेव्हा ‘आठ’ हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. तो वैयाकरणांनी सोयीसाठी ठरविला आणि सोयीप्रमाणे बदललाही.

मराठीतील आठ प्रकार, नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी, हे इंग्रजीतील आठांशी एकास एक जुळतात. हा योगायोग नव्हे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा आराखडा त्यांच्यासमोर होता. त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असावी. हेच दादोबा १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस मंडळीचे अध्वर्यू होते, आणि जातिभेद मोडणे हा त्या मंडळीचा प्रमुख हेतू होता. ती गुप्तपणे चालली आणि गुप्तता फुटताच विखुरली, हे तिचे दौर्बल्य होते. तरीही मराठीच्या शब्दांना वर्गांत बसविणारा माणूस माणसांचे वर्ग मोडू पाहत होता, ही नोंद मला महत्त्वाची वाटते.

याच काळातील दुसरे नाव तर आपल्या देवगड तालुक्यातलेच आहे. पोंभुर्ले गावचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. त्या पत्रात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. एका डोळ्याने इंग्रजी वाक्य आणि दुसऱ्याने मराठी वाक्य पाहण्याची ही रीत वर्गात आजही उपयोगी पडते. पुढील उदाहरणे मी त्याच रीतीने मांडतो.

मिठबावच्या मुलाला मीठ आणि मासा समजावून सांगावे लागत नाही, म्हणून ‘सॉल्ट’ हा शब्द घेऊ. ‘सॉल्ट इज व्हाइट’ : मीठ पांढरे असते. येथे ‘सॉल्ट’ हे नाम. ‘शी सॉल्ट्स द मॅकरेल’ : ती बांगडा खारवते. येथे तेच क्रियापद. ‘सॉल्ट वॉटर’ : खारे पाणी. येथे तेच विशेषण. आता मराठी स्तंभाकडे पाहा. मीठ, खारवणे, खारे. मराठीने तीन कामांना तीन निरनिराळी रूपे योजली. इंग्रजीने एकाच शब्दाला तीन ठिकाणी उभे केले. शब्द तोच, अक्षरे तीच, पण जागा बदलताच काम बदलले. म्हणून ‘सॉल्ट या शब्दाची जात कोणती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या वाक्यात?’ असे विचारल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. शब्दकोशातही अशा शब्दापुढे नाम, क्रियापद, विशेषण अशा वेगवेगळ्या नोंदी आढळतात, त्या याचसाठी.

हे असे का घडते, याचे कारण दोन्ही भाषांच्या घडणीत आहे. मालवणीत आपण ‘मांजरान बांगडो खाल्ल्यान’ म्हणतो. शब्द उलटवून ‘बांगडो मांजरान खाल्ल्यान’ म्हटले तरी खाणारे मांजरच राहते, कारण ‘मांजरान’मधील शेवटचा ‘न’ कर्त्याची खूण सांभाळतो. इंग्रजीत ‘द कॅट एट द मॅकरेल’ हे वाक्य उलटवून पाहा : बांगडा मांजराला खाऊ लागतो! इंग्रजीच्या नामाने जुन्या विभक्तीच्या खुणा बहुतांशी टाकून दिल्या आहेत. म्हणून कर्ता कोण आणि कर्म कोण, हे तेथे शब्दाच्या जागेवरून ओळखावे लागते. आपली मुले इंग्रजी वाक्यात अडखळतात ती बहुधा येथेच. त्यांना शब्द ठाऊक असतात, परंतु घरच्या भाषेने त्यांना शेवटाकडे पाहण्याची सवय लावलेली असते आणि इंग्रजी त्यांच्याकडून जागेकडे पाहण्याची अपेक्षा करते. हा फरक एकदा उघड करून सांगितला की बुद्धीविषयीचा न्यूनगंड पुष्कळ कमी होतो. मालवणी बोलणाऱ्या मुलाला व्याकरण येत नाही, हा समज तर मुळातच चुकीचा आहे. ‘घराक’, ‘घरात’, ‘झाडार’ हे भेद ते शाळेत पाऊल ठेवण्यापूर्वीच अचूक पाळत असते.

सर्वनामाच्या बाबतीत आपल्या विद्यार्थ्यांना एक विशेष लाभ आहे. त्रिसरण म्हणताना ते रोज ‘गच्छामि’ हे पद उच्चारतात. त्यात ‘मी’ हा शब्द स्वतंत्र नाही. तो क्रियापदाच्या शेवटच्या ‘मि’मध्येच आहे. इंग्रजी क्रियापद ‘गो’ मात्र एवढे सांगत नाही. ‘आय गो’, ‘वुई गो’, ‘दे गो’ असे प्रत्येक वेळी सर्वनाम पुढे ठेवावे लागते. ‘गोज’मधील ‘ज’ हा जुन्या प्रत्ययांचा उरलेला तुकडा आहे, आणि नेमका तोच आपली मुले विसरतात. पाली, मराठी आणि इंग्रजी असे तिन्ही शेजारी ठेवले की त्या ‘ज’ला अर्थ येतो.

शब्दयोगी अव्यय हे मराठीत नामाच्या मागे जोडले जाते, तर इंग्रजीत नामापूर्वी सुटे येते : ‘झाडावर’, ‘ऑन द ट्री’. एवढे मुले लवकर शिकतात. घोटाळा होतो तो ‘अप’, ‘डाऊन’, ‘इन’ यांसारख्या शब्दांपाशी. ‘ही वेंट अप’ यात ‘अप’ क्रियाविशेषण आहे. ‘ही वेंट अप द हिल’ यात तेच शब्दयोगी, कारण त्याच्यामागून नाम आले. येथे मराठीही तसेच वागते. ‘तो वर गेला’ आणि ‘तो टेकडीवर गेला’ यांतील ‘वर’ची कामे वेगळी आहेत. तेव्हा कामावरून ओळख ठरण्याची गोष्ट मराठीला अगदीच परकी नाही. उभयान्वयी आणि केवलप्रयोगी यांविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. ती मुलांना सहसा अडत नाहीत.

मात्र शेपूट पाहून शब्द ओळखण्याच्या युक्त्यांवर फार विसंबू नये. ‘ली’ने संपणारा शब्द क्रियाविशेषण, असे पाठ केलेले मूल ‘फ्रेंडली’पाशी फसते, कारण ते विशेषण आहे. ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने, आणि ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम; ‘ही वर्क्स हार्ड’ लिहायचे असताना ‘हार्डली’ लिहिले तर प्रगतिपुस्तकावरची स्तुती निंदा होऊन बसते. तसेच ‘फिश मार्केट’मधील ‘फिश’ मार्केटविषयी माहिती देतो, म्हणून ते विशेषण आहे असे वाटते. पण ‘व्हेरी फिश’ असे कोणी म्हणत नाही. ते नामच आहे, फक्त दुसऱ्या नामाच्या सेवेला उभे आहे. अशा वेळी सोपा उपाय म्हणजे त्या जागी ओळखीचा शब्द ठेवून पाहणे. ‘सॉल्ट्स’च्या जागी ‘वॉशेस’ बसला, तर ते क्रियापद आहे.

साहाय्यक क्रियापदांची बाब अधिक गंभीर आहे. ‘शॅल’ आणि ‘मे’ ही दोन्ही आठ भागांच्या चौकटीत केवळ ‘क्रियापद’ म्हणून मोडतात, पण कायद्याच्या भाषेत त्यांच्यात फार अंतर असते. ‘शॅल’ने कर्तव्य सांगितले जाते, ‘मे’ने मुभा दिली जाते. दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हितांविषयीच्या संविधानाच्या अनुच्छेद ४६ मध्ये राज्याच्या बाबतीत ‘शॅल’ योजलेला आहे. न्यायालयातून अंमलात आणता न येणारे ते मार्गदर्शक तत्त्व असले, तरी भाषा कर्तव्याचीच आहे. सवलतीचा अर्ज करणाऱ्या पालकाने शासकीय कागदातील ‘देण्यात यावी’ आणि ‘देता येईल’ यांतील भेद असाच वाचला पाहिजे.

संविधानाकडे वळलोच आहोत, तर २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झालेल्या त्या ग्रंथाच्या उद्देशिकेचा इंग्रजी पाठ हा या विषयाचा उत्तम धडा आहे. तिचा पहिला शब्द सर्वनाम आहे : ‘वुई’. पुढे जस्टिस, लिबर्टी, इक्वॅलिटी, फ्रॅटर्निटी ही चार भाववाचक नामे येतात. प्रत्येक नामाचे कुटुंब मुलांकडून लिहून घ्यावे. इक्वॅलिटी हे नाम, इक्वल हे विशेषण, इक्वलाइज हे क्रियापद, इक्वली हे क्रियाविशेषण. लिबर्टी, लिबरल, लिबरेट. जस्टिस, जस्ट, जस्टली. फ्रॅटर्निटीच्या मुळाशी ‘भाऊ’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, हेही सांगावे. चार शब्दांतून पंधराएक शब्द हाती येतात.

स्वतः बाबासाहेबांची इंग्रजी अशाच मेहनतीवर उभी राहिली. रामजी सुभेदारांनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मुलाकडून पक्की करून घेतली होती. मराठी शब्दाला नेमका इंग्रजी प्रतिशब्द शोधण्याची सवय त्यांना तेथे लागली. शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही ते त्यांना नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. व्याकरणाचे एक दार असे जन्म पाहून बंद झाले. पुढे त्यांनी पालीचे व्याकरण आणि कोश यांवर स्वतः काम केले. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात ते उपलब्ध आहे.

त्यांच्या १९४२ सालच्या नागपूर येथील संदेशातील ‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज’ ही तिन्ही आज्ञार्थी क्रियापदे होत. मराठीत रूढ झालेल्या घोषणेतील क्रमाबद्दल आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. पहिल्या क्रियापदाकडे मात्र कमी लक्ष गेले. ‘एज्युकेट’ हे सकर्मक आहे, त्याला ‘कोणाला?’ असा प्रश्न विचारता येतो. ‘शिका’ यात शिकणारा स्वतःपुरता शिकतो. ‘एज्युकेट’मध्ये ‘शिकवा’ हा अर्थही आहे. या शाळेतून शिकून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी तो अर्थ ध्यानात घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

एक सावधगिरीची सूचना. शब्दाची ओळख कामावरून ठरते, हे ऐकून कोणी वसलसुत्ताची आठवण काढील, आणि ती रास्तच आहे. परंतु याच तर्काने कोणी ‘गुणकर्मावरून वर्ण’ या जुन्या युक्तिवादाला व्याकरणाचा आधार देऊ लागला, तर तो साफ नाकारावा. जन्माऐवजी गुण पाहायचे म्हटले तरी जुनी नावे कायम ठेवली की जुनी उतरंडही कायम राहते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले आहे. व्याकरणात नाम वरचे आणि अव्यय खालचे असे काही नाही, आणि शब्दाला मिळालेले नाव वाक्य संपले की संपते.

शेवटी सरावासाठी एक शब्द देतो. ‘वेल’. ‘द वेल इज डीप.’ ‘शी सँग वेल.’ ‘आय ॲम वेल.’ ‘वेल, लेट अस बिगिन.’ ‘टिअर्स वेल्ड अप इन हर आइज.’ उत्तरे क्रमाने अशी : नाम, क्रियाविशेषण, विशेषण, केवलप्रयोगी, क्रियापद. विहीर या अर्थाचा ‘वेल’ आणि चांगले या अर्थाचा ‘वेल’ मुळात वेगळे शब्द आहेत, म्हणून कोशात त्यांच्या नोंदी स्वतंत्र असतात. डोळ्यांत पाणी भरून येणारा पाचवा ‘वेल’ मात्र विहिरीच्याच कुळातला. पालकांनी पाचही वाक्ये मुलांकडून मालवणीत करून घ्यावीत. ‘बाव’ हा शब्द फक्त पहिल्यातच चालेल. उरलेल्या चारांसाठी मुलांना चार निराळे शब्द शोधावे लागतील.