रंगाची डबी उघडण्याआधी

चकचकीत रंग काही झाकत नाही, उलट चुगली करतो. रणगाड्याच्या मॉडेलवर चार ओरखडे राहिले तर ते लढाईत पडले म्हणून वेळ मारून नेता येते. गाडीच्या बॉनेटवर मात्र खोलीतली ट्यूबलाइट जशीच्या तशी उमटते. ती जिथे वाकडी दिसेल तिथे खाली काहीतरी राहून गेलंय, हे घरी आलेल्या पाहुण्यालाही कळतं. या छंदात नव्याने आलेले लोक विचारतात ते रंगाबद्दल: कुठल्या कंपनीचा, स्प्रे कॅन की एअरब्रश, किती हात मारायचे. पॉलिश पेपरबद्दल कोणी विचारत नाही. माझ्या हिशेबाने गाडी चांगली दिसते की नाही ते पेपरवर ठरतं, रंगावर नाही.

उदाहरणाला १:२४ मापाची तामियाची फोक्सवॅगन बीटल घेतो, १९६६चं १३०० मॉडेल. तिच्या अंगावर सपाट जागा जवळपास नाहीच, त्यामुळे घासण्यातला आळस तिच्यावर लगेच उघडा पडतो.

१. आधी धुऊन घ्या. साच्यातून भाग सहज सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर नव्या किटांवर फारसा नसतो, जुन्यांवर असतो. आपल्या बोटांचं तेल तर दोन्हींवर. भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि लहान मुलांचा मऊ टूथब्रश पुरे. पाणी कोमटच हवं. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं. उकळत्या पाण्याने छताचे बारीक खांब जरा जरी वाकले तरी पुढे काच बसत नाही. सुटे भाग चहाच्या गाळणीत धरून धुवा, बेसिनमधून वाहून गेलेला आरसा परत मिळत नाही. फडक्याने पुसू नका, धागे राहतात. उपडं ठेवून वाळू द्या.

२. साचा समजून घ्या. गाडीची बॉडी दोन पाकळ्यांच्या साध्या साच्यातून निघू शकत नाही. दोन्ही बाजू, पुढचं तोंड, मागची बाजू यांसाठी साच्याचे वेगळे सरकते तुकडे असतात, आणि ते जिथे एकमेकांना भिडतात तिथे प्लास्टिकवर केसाएवढी रेघ उठते. ही रेघ मडगार्डांच्या माथ्यावर, छताच्या खांबांवर, कोपऱ्यांच्या वळणावर शोधायची. किटबरोबरच्या कागदात तिचा उल्लेख क्वचितच असतो.

पण दिसली रेघ की घास, असंही करू नका. बीटलची मडगार्डं खऱ्या गाडीतही बोल्टने जोडलेली असतात आणि मडगार्ड व बॉडी यांच्या मध्ये बिडिंगची पट्टी असते. मॉडेलवर तिथे दिसणारा उंचवटा खरा, तो राहिला पाहिजे. दारावरची पावसाच्या पाण्याची पन्हळही खरी. मी कुठलाही पेपर हातात घेण्याआधी खऱ्या गाडीचे फोटो समोर ठेवतो, चारही बाजूंचे. बीटलचे फोटो सगळीकडे मिळतात. एखाद्या जपानी बाजारापुरत्या गाडीचे शोधताना मात्र संध्याकाळ जाते. जाऊ द्यावी.

३. उजेड वरून नको, बाजूने हवा. छताच्या ट्यूबलाइटखाली पांढरं प्लास्टिक आंधळं असतं. टेबलावरचा दिवा बॉडीच्या पातळीत, अगदी तिरपा ठेवा; साच्याच्या रेघा सावली टाकून स्वतःच समोर येतात. तरी शंका वाटली तर मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून त्या भागावर फिरवा. मग घासायला लागलं की उंच जागेवरचं शिसं आधी जातं, खोलगट जागेतलं राहतं.

४. पेपरआधी कटर. रेघ ठळक असेल तर कटरच्या पात्याची पाठ रेघेवर आडवी टेकवून हलक्या हाताने ओढा. सोलपटं निघतात. धार वापरू नका, ती आत शिरते. पातं थरथरून लाटा उठायला लागल्या की कोन बदला.

५. आता पेपर. हार्डवेअरच्या दुकानात काळा वॉटर पेपर मागा. लाकडासाठीचा पिवळा-तांबडा कोरडा पेपर इथे नको. बॉडीवर मी ४०० क्रमांकाच्या खाली उतरत नाही, आणि ४००सुद्धा फक्त रेघेवर किंवा लांबीवर (पुट्टीवर). त्यानंतर ६००, ८००, शेवटी १०००. दर पायरीला आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण निघाले पाहिजेत. मी प्रत्येक क्रमांकाला दिशा बदलतो: ६०० गाडीच्या लांबीत, ८०० आडवा. म्हणजे मागे राहिलेला ओरखडा उलट दिशेने पडलेला लगेच दिसतो. १०००च्या पुढे प्रायमरआधी जाऊ नका. प्रायमरला धरायला थोडा खरखरीतपणा लागतो, काचेसारख्या गुळगुळीत प्लास्टिकवरून तो टेपबरोबर उचलून येऊ शकतो.

पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. पेपर चोंदत नाही आणि सरकतो छान. पाण्याचा दुसरा फायदा फुप्फुसांचा. कोरडं घासलं की प्लास्टिकची बारीक पूड नाकात जाते, ओलं घासलं की ती वाटीच्या तळाशी बसते. पेपर कापायला घरातली चांगली कात्री घेऊ नका. घडी घालून फाडा. आणि प्रत्येक तुकड्याच्या मागे मार्करने क्रमांक लिहा, नाहीतर दहा मिनिटांत टेबलावर सगळे तुकडे सारखेच काळे आणि सारखेच ओले होतात आणि ४००चा तुकडा ८००चा समजून छतावर फिरतो.

सगळ्यात महत्त्वाचं, बोटाच्या टोकाने दाबून घासू नका. बोट मऊ आणि गोल असल्यामुळे त्याच्याखाली पन्हळ पडते, आणि ती रंग लागेपर्यंत कळत नाही. सरळ जागी पेपर खोडरबरावर किंवा आइस्क्रीमच्या काडीवर गुंडाळा. बीटलच्या छतासारख्या गोल जागी पातळ फोमचा तुकडा मागे धरा, तो वळणाबरोबर वळतो.

ओरखड्यांचा एक हिशेब मांडून दाखवतो. मॉडेलवरचा ०.०५ मिलिमीटर रुंदीचा ओरखडा खऱ्या गाडीच्या मापात १.२ मिलिमीटर होतो. म्हणजे कोणीतरी किल्लीने मुद्दाम ओढल्यासारखा.

६. खड्डा घासून जात नाही. ज्या ठिकाणी आतल्या बाजूला जाड खुंट किंवा फासळी असते तिथे प्लास्टिक सावकाश थंड होतं, आकसतं, आणि बाहेरच्या बाजूला उथळ खळगा पडतो. त्याभोवतालचं घासून तो समतल करायला गेलात तर मडगार्डाचा आकारच बदलेल. खळगा भरायचा.

भरायला काय वापरायचं यावर छंदवाल्यांत वाद आहेत. ट्यूबमधली लांबी सोपी, पण तिच्यातला द्रव उडून जाताना ती आकसते. आज सपाट वाटलेली जागा आठवड्याने पुन्हा खोलगट दिसते. म्हणून पातळ थरांत भरायची आणि मध्ये भरपूर दिवस जाऊ द्यायचे. माझा कल फेविक्विककडे. त्यात थोडी बेबी पावडर कालवली की दाट लगदा होतो, तो आकसत नाही आणि लगेच धरतो. मात्र त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात घासा. दुसऱ्या दिवशी तो प्लास्टिकपेक्षा कडक झालेला असतो. मग पेपर त्याला सोडून शेजारचं मऊ प्लास्टिक खातो आणि भरलेली जागा टेंगळासारखी वर राहते. इथे मऊ फोम चालत नाही, काडीच हवी.

७. बॉनेट, बंपर वेगळे असतील तर ते टेपने आतून जागेवर अडकवा आणि मगच घासा. सुटे घासलेले भाग शेवटी शेजारच्या पातळीत बसत नाहीत. रंगही एकाच बैठकीत मारा, विशेषतः मेटॅलिक असेल तर.

८. अक्षरं आणि फटी. गाडीच्या मागे उठावात असलेलं नाव, बॉनेटवरचं चिन्ह, हे एका बेसावध फटकाऱ्यात साफ होतात. जवळ घासताना त्यांच्यावर टेप लावा. ज्यांना पुढे ही अक्षरं चांदीची हवी आहेत त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती: रंगाच्या आधीच अक्षरांवर चिकट पाठीची अतिपातळ धातूची फॉइल बसवायची, वरून रंग मारायचा, आणि रंग वाळल्यावर थिनरचा जेमतेम ओलावा असलेल्या कापडाने फक्त अक्षरांचे माथे पुसायचे. रंग जातो, फॉइल चमकते.

दारांच्या फटींचं उलटं आहे, त्या खोल करायच्या. खऱ्या दाराची फट पाच मिलिमीटरच्या आसपास धरली तर १:२४ला ती ०.२ मिलिमीटर होते. खऱ्या गाडीच्या रंगाची एकूण जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, मापात आणली तर ०.००४. इतका पातळ थर आपल्या हातून बसणं शक्य नाही. प्रायमर, रंग आणि लॅकर मिळून फट बुजवतातच. म्हणून प्रायमरच्या आधी टोकदार अवजाराने फटीतून हलका हात फिरवा, दर वेळी थोडंसंच. एकदा घसरलं तर ओरखडा दारावर.

९. प्रायमर ही तपासणी आहे. तो सगळं झाकून टाकेल अशी बऱ्याच जणांची समजूत असते. मी हे शिकलो ते आमच्या भागातल्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमधल्या उस्तादांकडून. एका स्विफ्टच्या दारावर ते तळहात फिरवत होते, मध्ये पातळ कापड धरून. मी म्हटलं, “उस्ताद, डोळ्यांनी का नाही बघत?”

“साहेब, डोळा फसतो. हाताला लागतं ते डोळ्याला दिसत नाही.” मग त्यांनी करड्या प्रायमरवर लांबून काळ्या रंगाचा नुसता धुरळा उडवला आणि ओला पेपर चालवला. “जिथं काळं राहील तिथं खड्डा. जिथं खालचं उघडं पडेल तिथं टेकाड. आता बघा डोळ्यांनी.”

याला गाइड कोट म्हणतात आणि १:२४ला तो तसाच लागू पडतो. माझा क्रम असा: मिस्टर सरफेसर १००० या प्रायमरचे दोन पातळ हात, पूर्ण वाळला की काळ्या रंगाचा धुरळा, मग १०००चा ओला पेपर, अजिबात दाब न देता. (या मालिकेत ५००, १०००, १२००, १५०० असे प्रकार मिळतात, आकडा वाढतो तशी पूड बारीक.) काळं राहिलेल्या जागा भरा, पुन्हा प्रायमर, पुन्हा धुरळा. कडा सांभाळा, दाराच्या आणि मडगार्डांच्या कडेवर थर सगळ्यात पातळ बसतो आणि पेपरचा दाब सगळ्यात जास्त पडतो, त्यामुळे प्लास्टिक उघडं पडतं ते तिथेच. शेवटी १५००चा पेपर हलक्या हाताने.

बीटलवर मला हा फेरा एकदाही पहिल्या खेपेत सुटलेला नाही.

१०. लाल प्लास्टिकवर पांढरा रंग मारायचा विचार असेल तर थांबा. लाल रंगद्रव्य वरच्या थरातून झिरपतं आणि पांढरी गाडी काही दिवसांत गुलाबी पडते. मध्ये चांदी रंगाचा एक हात अडसर म्हणून चालतो. पिवळ्या रंगाखाली पांढरा प्रायमर, लालखाली गुलाबी.

११. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर उघड्या पॉलिस्टायरीनवर नको. ते प्लास्टिक खातं: बारीक भेगांचं जाळं उठतं, आणि घासून घालवलेल्या वाटलेल्या ४००च्या रेघा फुगून पुन्हा वर येतात. कुठलाही नवा प्रायमर किंवा थिनर आधी भागांच्या फ्रेमच्या तुकड्यावर मारून बघा. ती फ्रेम नाहीतरी फेकायचीच असते, आणि प्लास्टिक तेच.

मुंबईचा किंवा कोकणचा जुलै असेल तर लॅकरच्या प्रायमरला हात लावू नये असं माझं मत. द्रव भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि थर दुधाळ होतो. पावसाळ्यात धुणं, घासणं, फटी खोलणं, लांबी भरणं ही कामं उरकावीत. घासायला नाहीतरी पाणीच लागतं.

१२. शेवटची धूळ. रंगाआधी पुन्हा साबणाचं पाणी, फटींमधून ब्रश. घासलेल्या प्रायमरचा गाळ फटीत वाळला तर तो रंगाबरोबर बाहेर येतो. वाळल्यावर बॉडी आतून धरा, बाहेरून हात नको. बरेच जण बाथरूममध्ये रंग मारतात, कारण फरशी ओली केली की धूळ खाली बसते. कल्पना चांगली, पण तिथे गॅसचा गिझर असेल तर मुळीच नाही. थिनरची वाफ आणि पायलटची ज्योत यांचं जमत नाही. खिडकी उघडी, तोंडावर कार्बन फिल्टरचा मास्क. कापडी मास्क वाफ अडवत नाही.

आणि बॉडी वाळली का हे बघायला बॉडीवर बोट टेकवू नका. त्याच वेळी फ्रेमच्या तुकड्यावरही एक हात मारून ठेवा आणि बोट लावायचं ते त्याला.